बुलडाण्याची लोकसंख्या वाढली ती नेमकी कशाने? 15.85 या आकड्याची समीक्षा

लोकसंख्या भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन पेटची तयारी करत असाल, तर हे वाक्य तुमच्या वहीत कुठेतरी असणारच: जिल्ह्याच्या लोकसंख्यावाढीस उच्च जन्मदर व स्थलांतर ही प्रमुख कारणे आहेत. जिल्ह्याचं नाव बदलायचं, बाकी वाक्य तसंच ठेवायचं. ठाण्याला चालतं, नागपूरला चालतं आणि बुलडाण्यालाही बिनदिक्कत चालवलं जातं. सगळीकडे चालतं म्हणून कोणी ते तपासून बघत नाही.

आज ते तपासूया. त्यासाठी बुलडाणा जिल्हा घेऊ आणि 2001 ते 2011 हे एकच दशक घेऊ. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 22,32,480 होती, 2011 मध्ये ती 25,86,258 झाली. वाढ 15.85 टक्के. या आकड्यावरून वरचं वाक्य लिहिता येतं का? माझं म्हणणं आधीच सांगतो: त्यातला 'जन्मदर' हा भाग अर्धवट आहे आणि 'स्थलांतर' हा भाग बहुधा उलटा आहे. चूक विद्यार्थ्याच्या आळसाची आहे असंही नाही. आपल्या हाताशी असलेले तक्तेच अशा पद्धतीने बनलेत की आलेला माणूस दिसतो आणि गेलेला दिसत नाही.

आधी 'वाढ' म्हणजे काय ते ठरवा

चार जनगणना एकाखाली एक मांडा. 1981: 15,08,777. 1991: 18,86,299. 2001: 22,32,480. 2011: 25,86,258. दशवार्षिक वाढीचा दर काढला तर अनुक्रमे 25.02, 18.35 आणि 15.85 टक्के येतो. दर सतत उतरतोय. आता टक्के बाजूला ठेवा आणि नुसती माणसं मोजा. पहिल्या दशकात 3,77,522 माणसं वाढली, दुसऱ्यात 3,46,181 आणि तिसऱ्यात 3,53,778. म्हणजे शेवटच्या दशकात दर घटला, पण वाढलेल्या माणसांची संख्या आधीच्या दशकापेक्षा जास्तच निघाली.

दोन्ही विधानं खरी आहेत. पण सिनॉप्सिसमध्ये 'लोकसंख्यावाढ' असा मोघम शब्द वापरला, तर व्हायवाला पहिला प्रश्न हाच येणार की तुम्ही दराबद्दल बोलताय की संख्येबद्दल? शाळा, दवाखाने, पाणी यांच्या दृष्टीने संख्या महत्त्वाची. कारणं शोधायची असतील तर दर.

दुसरा मोह तुलनेचा. त्याच दशकात महाराष्ट्राची वाढ 15.99 टक्के होती. बुलडाणा 15.85. मग लगेच लिहिलं जातं की जिल्ह्याची वाढ राज्याच्या सरासरीइतकीच, म्हणून कारणंही तीच. पण राज्याच्या सरासरीत ठाणे जिल्ह्याची 36.01 टक्के वाढ आहे आणि रत्नागिरीची उणे 4.82 टक्केही आहे. आपल्या शेजारचंच बघा: औरंगाबाद 27.76, अकोला 11.27. या सगळ्यांची सरासरी म्हणजे कुठल्याच जिल्ह्याची गोष्ट नव्हे. आकडा सारखा निघाला म्हणून तिथवर जाण्याचा रस्ताही सारखाच असतो असं नाही.

एक कारण जे यादीत कधीच नसतं

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या बदलते ती चार गोष्टींनी: जन्म, मृत्यू, येणारे, जाणारे. जन्मातून मृत्यू वजा केले की नैसर्गिक वाढ मिळते, येणाऱ्यांतून जाणारे वजा केले की निव्वळ स्थलांतर. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण बदल. हे पुस्तकात असतं. जिल्हा पातळीवर मात्र पाचवी गोष्ट असते, ती म्हणजे सीमा.

बुलडाण्याइतकं याचं चांगलं उदाहरण सापडणं अवघड. 1891 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 4,81,021 होती. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले आणि 1901 मध्ये ती 4,23,616 वर आली, म्हणजे जवळपास 12 टक्के घट. नंतर 1905 मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्यातून काढून बुलडाण्याला जोडले गेले. वाढलेल्या हद्दीवर 1901 चीच लोकसंख्या पुन्हा मांडली, तर ती 6,13,756 भरते. कागदावर 1,90,140 माणसं वाढली. एकही पाळणा हलला नाही, एकाही कुटुंबाने बिऱ्हाड हलवलं नाही.

आता कल्पना करा, कोणी शंभर वर्षांचा आलेख काढताना 1891 चा जुन्या हद्दीचा आकडा आणि 1911 चा नव्या हद्दीचा आकडा शेजारी शेजारी ठेवले. रेघ झपकन वर जाईल आणि खाली लिहिलं जाईल: 'उच्च जन्मदर व स्थलांतर'. खरं तर मधल्या काळात लोक उपासमारीने आणि रोगराईने गेले होते. म्हणून दीर्घकाळाचा अभ्यास करणार असाल तर पहिलं काम हद्द तपासण्याचं. जनगणनेच्या 'अ' मालिकेतल्या तक्त्यांत जुने आकडे नव्या हद्दीनुसार जुळवून दिलेले असतात, ते वापरा. जुन्या गॅझेटियरमधला आकडा थेट उचलू नका.

त्या वाक्याला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की ते बुलडाण्याबाबत खरं ठरेल असा एक काळ होता. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ झाली. त्या काळात वऱ्हाडात बाहेरून माणसं आली, जमिनी लागवडीखाली आल्या. पण 1870 चं कारण 2011 च्या प्रबंधात तसंच उतरवून घेतलं, तर तो इतिहासही राहत नाही आणि विश्लेषणही होत नाही.

'उच्च जन्मदर' म्हणताना तीन गोष्टींची सरमिसळ होते

एक, जन्मदर आणि एकूण प्रजनन दर. जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षाला जन्म. एकूण प्रजनन दर म्हणजे सध्याच्या पद्धतीने मुलं होत राहिली तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील तो आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हा दर 2005-06 मध्ये 2.1, 2015-16 मध्ये 1.9 आणि 2019-21 मध्ये 1.7 होता. 2.1 ही प्रतिस्थापनाची पातळी, म्हणजे आई-बापाची जागा घेण्यापुरती मुलं. मग 2001–2011 या दशकात राज्य 16 टक्क्यांनी वाढलं कसं?

याचं उत्तर वयरचनेत आहे. बुलडाण्याचं 1981–91 हे दशक आठवा, 25 टक्के वाढीचं. त्या दशकात जन्मलेली पोरं 2001 ते 2011 मध्ये विशी-पंचविशीत आली, त्यांची लग्नं झाली. प्रत्येक घरात मुलं कमी, पण मुलं होणारी घरं जास्त. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. 'लोक जास्त मुलं जन्माला घालतात म्हणून लोकसंख्या वाढते' आणि 'आई-बाप होण्याच्या वयाचे लोक जास्त आहेत म्हणून वाढते' ही दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे. प्रबंधात दोन्ही एकाच शब्दात कोंबली की धोरणाच्या शिफारशीही चुकतात.

दोन, जन्माची नोंद आणि आईचं राहणं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे घडतो तिथे नोंदला जातो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. मोताळ्याची सून जामनेरला माहेरी बाळंत झाली, तर जन्म जळगाव जिल्ह्याच्या दप्तरात. अडलेली केस शेगावहून अकोल्याला नेली, तर नोंद अकोल्याला. त्यामुळे जिल्ह्याच्या नोंदणीतून जन्मदर काढताना वर खाली दोन वेगळ्या लोकांची मोजणी होते: वर जिल्ह्यात झालेले जन्म, खाली जिल्ह्यात राहणारे लोक. मोठी दवाखान्याची गावं असलेले जिल्हे यात फुगतात आणि बुलडाण्यासारखे आटतात.

तीन, मुलगा-मुलगी. 0 ते 6 वयोगटात बुलडाण्यात 2001 मध्ये हजार मुलांमागे 908 मुली होत्या, 2011 मध्ये 855 राहिल्या. आपण हा आकडा 'सामाजिक समस्या' या वेगळ्या प्रकरणात टाकतो, पण तो लोकसंख्यावाढीच्या प्रकरणातलाही आहे. 2011 मध्ये सहा वर्षांच्या आत असलेल्या मुली आता आई होण्याच्या वयात येतायत. त्या कमी आहेत म्हणजे पुढचे जन्मही कमी. शिवाय लग्नासाठी मुली बाहेरून आणाव्या लागल्या, तर तेच स्थलांतर म्हणून तक्त्यात उमटणार. जन्म आणि स्थलांतर ही दोन वेगळी खाती नाहीत, एकातली शिल्लक दुसऱ्यात जाते.

स्थलांतराचा तक्ता: येणाऱ्यांची हजेरी, जाणाऱ्यांची नाही

आता मुख्य आक्षेप. जनगणनेच्या 'डी' मालिकेत स्थलांतराचे तक्ते असतात. त्यात माणसाला दोन प्रश्न विचारलेले असतात: जन्म कुठला, आणि याआधी कुठे राहत होता. बुलडाण्याचा तक्ता उघडला की जिल्ह्यात आलेले लाखो लोक दिसतात. विद्यार्थी तो आकडा उचलतो आणि लिहितो, स्थलांतरामुळे लोकसंख्या वाढली.

थांबा. आधी हे आलेले कोण ते बघा. 2011 मध्ये भारतात 45 कोटींहून अधिक लोक जनगणनेच्या व्याख्येनुसार स्थलांतरित होते. त्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण 'विवाह'. शेजारच्या गावात लग्न होऊन गेलेली बाई म्हणजे जनगणनेच्या लेखी स्थलांतरित. त्यातही जिल्ह्याची हद्द गंमत करते. जालन्याची मुलगी देऊळगाव राजाला दिली, तर तासाभराच्या वाटेवर ती 'आंतरजिल्हा' स्थलांतरित होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरची मुलगी पार दक्षिणेला लोणारला दिली, तर ती जिल्ह्यांतर्गत. अंतर कैक पटीने जास्त, तरी जिल्ह्याच्या लोकसंख्येत फरक शून्य.

आणि सुना येतात तशा लेकी जातातही. बुलडाण्याच्या तक्त्यात सून मोजली जाते, लेक नाही. ती मोजली जाते जालन्याच्या, जळगावच्या, पुण्याच्या तक्त्यात. मग पुण्याचा तक्ता उघडून बुलडाण्याहून किती आले ते बघावं म्हटलं, तर प्रकाशित जिल्हा तक्त्यांत फक्त 'राज्यातील इतर जिल्हे' एवढाच रकाना असतो. कुठला जिल्हा ते नसतं. म्हणजे बुलडाण्यातून गेलेला माणूस बुलडाण्याच्या कागदावर नाही, आणि पुण्याच्या कागदावर आहे तो बिननावाचा. अशा तक्त्यावरून वाचणाऱ्याला जिल्हा नेहमी भरतानाच दिसणार, रिकामा होताना कधीच नाही.

जनगणनेची पद्धत माणूस जिथे सापडला तिथे मोजण्याची आहे, ते तिचं कामच आहे. आक्षेप आहे तो निव्वळ स्थलांतर न काढता नुसत्या येणाऱ्यांच्या आकड्यावरून कारण लिहिण्याला.

एकच आकडा, दोन कहाण्या

थोडं गणित करू. नमुना नोंदणी योजनेनुसार 2011 मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 16.7 आणि मृत्युदर 6.3 होता. दशकाच्या सुरुवातीला ही तफावत आणखी मोठी होती. ढोबळ मानाने दहा वर्षांची नैसर्गिक वाढ साडेबारा टक्के धरा.

पहिली कहाणी: बुलडाण्याची नैसर्गिक वाढही राज्याइतकीच, साडेबारा टक्के. मग 15.85 वर पोहोचायला सुमारे 75 हजार माणसं निव्वळ बाहेरून यायला हवीत.

दुसरी कहाणी: जिल्ह्याची नैसर्गिक वाढ राज्यापेक्षा जास्त, समजा 18 टक्के. मग सुमारे 48 हजार माणसं निव्वळ जिल्हा सोडून गेली असली पाहिजेत.

दोन्हींचा शेवट 15.85 वरच होतो. पहिल्या कहाणीत स्थलांतराचं चिन्ह अधिक, दुसरीत उणे. तुमचं वहीतलं वाक्य पहिल्या कहाणीवर उभं आहे. आता विचारा, ठाणे-पुण्यासारखं काय होतं बुलडाण्यात की 75 हजार लोक इथे येऊन राहावेत? कोरडवाहू सोयाबीन-कापसाचा, बहुतांश ग्रामीण जिल्हा. शिकलेली पोरं पुणे, मुंबई, औरंगाबाद गाठतात. मला दुसरी कहाणी जास्त संभवनीय वाटते, पण 'वाटतं' हे संशोधन नव्हे. चिन्ह गृहीत धरायचं नाही, काढायचं.

काढायची एक सोपी रीत आहे. जनगणनेच्या सी-14 तक्त्यात जिल्ह्याची पाच-पाच वर्षांच्या वयोगटांतली लोकसंख्या असते. 2001 मध्ये 10 ते 14 वर्षांचे असलेले मुलगे 2011 मध्ये 20 ते 24 चे होतात. या वयात मृत्यू फार कमी. समजा 2001 मध्ये ते 1000 होते आणि जीवनसारणीनुसार 985 जिवंत राहायला हवेत. 2011 मध्ये 900 च सापडले, तर 85 निव्वळ गेले. आकडे समजावण्यापुरते आहेत, रीत खरी आहे. याला जीवितता-गुणोत्तर पद्धत म्हणतात. पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळे काढा, कारण या वयात मुली लग्नाने हलतात आणि मुलगे कामा-शिक्षणाने. आणि लोक वय सांगताना 20, 25, 30 असे गोल आकडे सांगतात, त्याची दुरुस्ती आधी करा.

जन्माच्या बाजूने कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात एकूण प्रजनन दर दिलेला नसतो, तो राज्याचा असतो. राज्याचा दर जिल्ह्याला चिकटवू नका. त्याऐवजी सी-14 मधूनच 15–49 वयाच्या हजार बायकांमागे 0–4 वयाची मुलं किती ते काढा आणि जनगणनेच्या 'एफ' मालिकेतले प्रजननाचे तक्ते जोडीला घ्या.

फेब्रुवारीत गावात कोण असतं?

शेवटचा मुद्दा तक्त्यात अजिबातच नसलेल्या माणसांचा. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. या काळात कधीही घरी असलेला माणूस घरी मोजला जातो. पूर्ण काळ बाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम.

फेब्रुवारी हा कारखान्यांच्या गळिताचा ऐन हंगाम. सिंदखेड राजा, लोणार भागातल्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत लहान लेकरं, मागे गावात म्हातारी माणसं. नियमाप्रमाणे हे कुटुंब सांगली-कोल्हापूरकडच्या फडात कोपीवर मोजलं जायला हवं. तिथे प्रगणक पोहोचला तर ते त्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत पडतं, नाही पोहोचला तर कुठेच नाही.

इथे घाई करू नका. 2001 ची गणनाही फेब्रुवारीतच झाली होती. दोन्ही वेळी सारखेच लोक बाहेर असतील, तर वाढीच्या टक्क्यांवर परिणाम नगण्य. परिणाम होतो तो जाणाऱ्यांची संख्या बदलली तर, आणि पाऊस कमी झाला की ती बदलते. पण संख्येवर परिणाम दोन्ही वेळी आहेच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 64 व्या फेरीत (2007-08) एक ते सहा महिने कामासाठी बाहेर राहणाऱ्यांना वेगळं मोजलं होतं, पण त्या नमुन्यातून जिल्ह्याचा आकडा निघत नाही.

आणि हे नुसतं तक्त्यांचं भांडण नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालचा रेशनचा इष्टांक अजूनही 2011 च्या लोकसंख्येवर बांधलेला आहे. ज्याची गणती गावात झाली नाही, त्याचं धान्य गावाच्या हिशोबात बसत नाही. उलट बाजूने, 'बाहेरून आलेल्यांनी लोकसंख्या वाढवली' हे वाक्य प्रबंधातून भाषणात जायला वेळ लागत नाही. तिथे गेलं की त्यातला 'बाहेरचा' कोण हे बोलणारा ठरवतो. जालन्याहून आलेली सून कोणाच्याच डोळ्यासमोर नसते.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाने होणार आहे. म्हणजे लोकगणना पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा गळिताच्या हंगामात. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या: जिल्ह्यातली चार-पाच गावं निवडा, दिवाळीआधी घरोघर यादी करा, फेब्रुवारीत पुन्हा जा, आणि कोण कुठे मोजलं गेलं ते टोळी परतल्यावर विचारा. गाइडची परवानगी, प्रश्नावली, गावची ओळख याला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवात लवकर करा. हंगाम चुकला तर पुढची संधी पुढच्या जनगणनेलाच.

आणि तोपर्यंत सिनॉप्सिसमधलं ते वाक्य खोडून त्या जागी एवढं लिहिलं तरी पुरे: 2001–2011 मधील 15.85 टक्के वाढीत नैसर्गिक वाढ आणि निव्वळ स्थलांतर यांचा वाटा किती व कोणत्या चिन्हाचा, हे वयोगटवार तक्त्यांवरून तपासणे हा या अभ्यासाचा उद्देश आहे.